'काही' झालं तर?

(मासिक बैठकीतल्या भाषणाचं शब्दांकन)



प्रवासाबद्दल बोला, फोटो असतील तर आणा, असा निरोप होता. फोटो नाहीत. तेरा किलोमीटरच्या वाटेवर बराच वेळ पाऊस होता आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला होता. तेव्हा ऐकूनच घ्या.

2023 च्या सप्टेंबरमध्ये मी मुलीकडे कॅलिफोर्नियात गेले होते. तिथून आम्ही सगळे आठ दिवस हवाईतल्या काउआई बेटावर गेलो. बेटाच्या उत्तरेला 'ना पाली' नावाचा किनारा आहे. ना पाली म्हणजे कडे. नाव अगदी बरोबर आहे, कारण डोंगर सरळ समुद्रात उतरतात आणि पुढे गाडीरस्ताच नाही. केईच्या पुळणीपाशी डांबर संपतं आणि पायवाट सुरू होते. तीन-सव्वातीन किलोमीटरवर हानाकापिआईचा ओढा समुद्राला मिळतो. तिथून दरीत तेवढंच आणखी आत गेलं की जवळपास तीनशे फुटांचा धबधबा लागतो. जाऊन-येऊन दिवसभराचं काम.

जावई बरोबर येणार होते. आदल्या रात्री नातवाला ताप आला. मुलगी म्हणाली, "आई, राहू दे आता." मी म्हटलं, "ताप तुझ्या मुलाला आहे, मला नाही." ती गप्प बसली. मग पुण्याहून नणंदेचा फोन आला. "वन्सं, मी एकटीच जातेय," म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "आणि काही झालं म्हणजे?"

हे 'काही' आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. रात्रीची एस. टी., परगावची नोकरी, एकटीने घेतलेली भाड्याची खोली, सगळीकडे ते आडवं येतं. पण या 'काही'त काय काय आहे, ते कुणी कधी उलगडून सांगत नाही. पाय मुरगळणं त्यात, बलात्कार त्यात, 'लोक काय म्हणतील' तेही त्यातच. मी पंचवीस वर्षं बायकांना 'भिऊ नका' सांगत फिरले आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत एकटीने साधी टेकडी चढले नव्हते. हे तुमच्यापुढे कबूल केलेलं बरं.

तिथे जायला परवानगी लागते, पण ती घरातल्यांची नव्हे. एप्रिल 2018 मध्ये या भागात चोवीस तासांत जवळजवळ पन्नास इंच पाऊस पडला. अमेरिकेतला तो विक्रम आहे. दरडी कोसळल्या, रस्ता वर्षभर बंद राहिला. 2019 मध्ये तो उघडला तेव्हा बाहेरच्यांची संख्या दिवसाला नऊशेवर आणली. आधी नाव नोंदवायचं, पैसे भरायचे, बसने जायचं. म्हातारी, तरुण, बाई, पुरुष, सगळ्यांना नियम एकच. मला ते फार आवडलं.

वाटेच्या तोंडाशी पाट्या आहेत. त्यांवर 'काही' लिहिलेलं नाही. लिहिलंय ते असं: ओढ्याला अचानक लोंढा येतो, कड्यावरून दगड पडतात, समुद्रात उतरू नका, ओढ्याच्या पाण्यात लेप्टोचे जंतू असू शकतात. मुंबईच्या 2005 च्या पुरानंतर लेप्टो आपल्याला वेगळा सांगायला नको. मी प्रत्येक पाटी दोनदा वाचली आणि गंमत म्हणजे भीती कमी झाली. लोंढ्याला काय करायचं? थांबायचं. दगडांना? धबधब्याच्या खाली उभं राहायचं नाही. नाव असलेल्या भीतीवर निदान उपाय तरी विचारता येतो.

सुरुवातीचा चढ दगडगोट्यांचा, मग तांबडी चिकणमाती. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यासारखीच, बुटाला धरून ठेवणारी. दोनदा बसकण मारली. गुडघा कुरकुरत होता. हानाकापिआईच्या पुळणीवर पूर्वी एक लाकडी पाटी असायची, बुडालेल्या माणसांच्या रेघा कोरलेली. मी समुद्राकडे पाठ करून आत वळले.

आतली वाट मात्र थेट ओळखीची निघाली. बांबूची बेटं, आंब्याची झाडं, वाटेवर कुजून पडलेले पेरू. झाडीत दगडी बांधांच्या जुन्या पायऱ्या दिसतात. ती पूर्वीच्या हवाईयन लोकांची अळूची खाचरं. अळू हे त्यांचं मुख्य अन्न, आपल्याला भात तसं. एका दरीत इतके बांध आणि आज एकही घर नाही, या विचाराने मी मध्येच थांबले होते. ओढा तीन-चारदा ओलांडावा लागतो. एकदा एक माणूस समोरून आला. आमच्याखेरीज कुणी नव्हतं. माझा हात आपोआप काठीवर घट्ट झाला. तो "पुढे चिखल आहे, जपून" म्हणाला आणि गेला. पाट्यांवर नसलेली भीती मी घरून बरोबर घेऊन आले होते. ती मूर्खपणाची होती असं मी म्हणणार नाही. आपल्याला ती अनुभवाने शिकवलेली आहे. पण ओढ्याची भीती आणि ही भीती वेगळ्या आहेत, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

धबधब्याबद्दल काय सांगू? काळ्या कातळाच्या मोठ्या गोलाईतून पाणी एकाच धारेने खाली येतं, वाऱ्याने तुषार अंगावर उडतात. मी लांब बसून दशमी-चटणी खाल्ली. वीस मिनिटं कुणाची आई नव्हते, कुणाची सासू नव्हते.

परतताना पाऊस वाढला. ओढ्यापाशी आले तर सकाळी पोटरीपर्यंत असलेलं पाणी मांड्यांच्या वर, गढूळ. अलीकडे पाच-सहाजण उभे होते. एक तरुण म्हणाला, "मी हात धरतो, चला, बस चुकेल." क्षणभर मला मोह झाला. इतक्या वर्षांची सवय, कुणी हात पुढे केला की धरायचा. मी नको म्हटलं. 2014 मध्ये याच ओढ्याने शंभरावर माणसं अडकवली होती, त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. तिथे बेटावरचीच एक बाई होती. तिने पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला आणि म्हणाली, दगड कोरडा पडून बराच खाली उघडा झाला की बघू. तोही तरुण बसला.

अडीच तास बसलो. त्या वेळात तिने पलीकडच्या कालालाऊ दरीतल्या पीइलानीची गोष्ट सांगितली. पीइलानीच्या नवऱ्याला, कोओलाऊला, कुष्ठरोग झाला. तेव्हाच्या कायद्याने रोग्यांना मोलोकाई बेटावर कायमचं धाडत आणि बायकोला बरोबर येऊ देणार नाही असं त्याला सांगितलं. ही नवराबायको लहान मुलाला घेऊन कडा उतरून कालालाऊत लपली. साल 1893. त्याच वर्षी जानेवारीत राणी लिलिउओकालानीला पदच्युत केलं होतं. नव्या सरकारचा अधिकारी पकडायला आला, कोओलाऊने त्याला गोळी घातली. मग सैनिक आले, तोफ आली, तरी ते हाती लागले नाहीत. मुलालाही तोच रोग होता. तो गेला, मग नवरा गेला. दोघांनाही पीइलानीने स्वतः पुरलं आणि तीन वर्षांहून अधिक काळ लपून काढल्यावर ती कडा चढून एकटी गावी परतली.

जॅक लंडनची कोओलाऊवरची कथा मी कॉलेजात वाचली होती. त्यात तो शेवटी बंदूक उराशी धरून एकटाच मरतो. पुरणारी बाई कथेत नाहीच! पण पीइलानीने आपली हकिकत स्वतः सांगितली आणि ती 1906 मध्ये हवाईयन भाषेत छापली गेली, लंडनच्या कथेच्याही आधी. परत आल्यावर मी तिचं इंग्रजी भाषांतर मिळवलं. आपल्या वाचनगटात घ्यावं असं मला वाटतं.

साडेचारला दगड हातभर वर राहिला. पाणी गुडघ्याशी आल्यावर आम्ही ओलांडलो. आता हात धरले, पण सगळ्यांनीच सगळ्यांचे. शेवटची बस सुटायच्या बेतात होती.

रात्री नणंदेचा फोन. "काही झालं नाही ना?"

म्हटलं, "झालं ना. दोनदा पडले, गुडघा सुजलाय, पाणी चढलं म्हणून अडीच तास खोळंबले, आणि बूट टाकून द्यावे लागणार."

त्या जरा वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "चढ फार आहे का गं? मला जमेल?"

त्यांचं वय चौसष्ट. येत्या डिसेंबरात आम्ही दोघी आधी सिंहगडावर जाणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी नाव द्या.