खोडदची शांतता आणि जनसुनावणी

(सणसवाडी येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



कारखाना येणार म्हटले की पर्यावरणाची तपासणी आली, हे सणसवाडीकरांना सांगायला नको. धूर किती, सांडपाणी कुठे सोडणार, झाडे किती पडणार! अंतराळ संशोधनालाही हे चुकलेले नाही. अलास्कातल्या पोकर फ्लॅटहून संशोधनाची रॉकेटे उडतात आणि त्यांचे रिकामे सांगाडे उत्तरेकडच्या राखीव प्रदेशात पडतात. त्याचा लेखाजोखा नासाला मांडावा लागला, सांगाडे शोधून परत आणायची तजवीजही करावी लागली.

मी बोलणार आहे ते उलट्या तपासणीवर: परिसरामुळे संशोधन केंद्राचे काय बिघडते? त्यासाठी अलास्का नको, आपल्याच पुणे जिल्ह्यातले खोडद पुरे. शिरूर, आंबेगाव ओलांडून जुन्नर तालुक्यात गेलात की शेतांत प्रचंड तबकड्या दिसू लागतात. हीच जीएमआरटी, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी, १६ तीन दिशांना पसरलेल्या. पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी ताणल्याने वारा आरपार जातो, वजन कमी आणि खर्चही आटोक्यात.

जागा खोडदचीच का? डोंगरांचा आडोसा आणि शहरी रेडिओ-गोंगाटापासून अंतर. इथे कान किती तिखट आहेत पाहा. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापरेली यान मंगळावर उतरत होते, तेव्हा त्याचा क्षीण संदेश खोडदने टिपला. यान आपटले, पण अखेरच्या क्षणांची नोंद जुन्नरात झाली होती.

अशा कानाला मोबाइलचा टॉवर त्रास देणार हे उघड आहे. पण विजेच्या खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर किंवा तारा जोडणारा ढिला जंपरही कमी नाही. ठिणगी पडली की एकाच वेळी कितीतरी लहरींवर खरखर उठते. मोबाइलची ठरावीक लहर गाळता येते. ही खरखर गाळणे अवघड. तिथे शास्त्रज्ञाइतकाच वायरमनही महत्त्वाचा.

अशी शांतता जपणारे खोडद एकटे नाही. आर्क्टिकमध्ये नी-ऑलेसुंद या वस्तीत २००८पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे. तिथेही रेडिओ-शांतता पाळतात. वाय-फाय नाही, ब्लूटूथ नाही. पण तिथे राहतात ते मुख्यतः संशोधक आणि त्यांची सोय पाहणारे. शांततेची गरज ज्यांना, बंधनही त्यांनाच. खोडदला तसे नाही. तिथे शेतकरी आहेत, बाजारपेठा आहेत, नोकरी शोधणारी पोरे आहेत. दुर्बिणीभोवती उद्योगांवर बंधने आली, ती या लोकांच्या वाट्याला. पुणे–नाशिक रेल्वेची नारायणगावावरून जाणारी आखणीही याच दुर्बिणीला बाधा येईल म्हणून बाजूला पडली. तिथली माणसे चिडली, आणि मला त्यांचा राग समजतो.

म्हणून दुर्बीण हलवा, असे मी म्हणणार नाही. अशी यंत्रणा पुन्हा उभी करायला एक पिढी जाईल आणि तशी शांत जागाही आता मिळणार नाही. माझी तक्रार कारभाराच्या पद्धतीवर आहे. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, पण रेडिओ-गोंगाट तिच्या हिशेबात बसत नाही. त्यामुळे रेल्वेने किती अडथळा येतो, रूळ किती दूर नेले किंवा भिंत घातली तर तो किती उतरतो, याची मोजमापे गावापुढे मराठीत, आकड्यांसह ठेवली जात नाहीत. धूर मोजून जाहीर करतात, मग हेही मोजून जाहीर करावे. आणि देशाच्या विज्ञानासाठी जुन्नरकर झीज सोसत असतील, तर तिची भरपाई देशाने करावी. विजेच्या चांगल्या वाहिन्या आणि जमिनीखालच्या केबल यांपासून सुरुवात व्हावी.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदला प्रदर्शन भरते आणि दुर्बीण सर्वांना पाहता येते. आपल्या शाळांच्या मुलांना जरूर न्या. मोबाइल बंद ठेवा. आणि तिथल्या शास्त्रज्ञांना रेल्वेचा प्रश्न विचारल्याशिवाय परत येऊ नका.