शाळेसाठी लॅपटॉपची खरेदी



लॅपटॉप दुकानातून घ्यावा की ऑनलाइन मागवावा, हा प्रश्न हल्ली केंद्रसंमेलनांतून वारंवार निघतो. पैसा बहुधा लोकवर्गणीचा असतो. मजुरीतून बाजूला काढलेले शंभर-दोनशे रुपयेही त्यात असतात. म्हणून या प्रश्नाचा विचार हिशेबानेच झाला पाहिजे.

प्रथम वस्तू एकच आहे की नाही, हे पडताळावे. एकाच नावाखाली ८ जीबी रॅमचा व १६ जीबी रॅमचा, असे दोन्ही लॅपटॉप विकले जातात. बाहेरून ते ओळखू येत नाहीत. संपूर्ण मॉडेल क्रमांक अक्षरश: जुळल्यावाचून दोन भावांची तुलना व्यर्थ होय.

आता भावाकडे वळू. समजा, ऑनलाइन ३७,००० रुपये ही किंमत ठळक अक्षरांत दिसते. बारीक अक्षरे वाचली म्हणजे कळते की मूळ भाव ४२,००० आहे. त्यातील ३,००० ची सूट विशिष्ट बँकेच्या क्रेडिट कार्डावर आणि २,००० ची सूट जुना लॅपटॉप दिल्यास मिळावयाची आहे. शाळेपाशी यांपैकी काहीच नाही. कित्येक मुख्याध्यापक सद्भावनेने स्वत:चे कार्ड वापरतात. मग बिल त्यांच्या नावे निघते आणि लेखापरीक्षणात आक्षेप येतो. तेव्हा शाळेच्या दृष्टीने भाव ४२,००० हाच. तालुक्याचा दुकानदार ४३,५०० सांगत असेल, तर अंतर केवळ दीड हजाराचे उरते. ऑनलाइन भाव दाखवून शांतपणे बोलणी केल्यास तेही पुष्कळदा कमी होते. निदान माऊस व पिशवी तरी पदरात पडते. मात्र भाव वस्तू व सेवा करासह लिहून घ्यावा. 'पक्के बिल नको असेल तर आणखी कमी करू' असे कोणी म्हणाल्यास तेथून उठावे. पक्क्या बिलावाचून हमीचा दावा करणे कठीण आणि खर्चाला आधारही राहत नाही.

ऑनलाइन घेतलेल्या मालाला हमी नसते, ही समजूत बरोबर नाही. हमी उत्पादक कंपनीची असते. विक्रेता अधिकृत असावा, एवढेच पाहावे. दुकानदाराने दोन हजारांहून अधिक फरक सोडलाच नाही, तर ऑनलाइन मागविण्यात कमीपणा कसला? शासकीय निधी असल्यास २०१६ साली सुरू झालेल्या 'जेम' या शासकीय बाजारपेठेसंबंधीचे नियम आधी पाहावेत.

स्वस्त म्हणून जुना साठा गळ्यात मारण्याचे प्रकारही घडतात. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्यावर विंडोज ११ चालत नाही, असा लॅपटॉप निम्म्या किमतीतही महागच. लेखन व तक्ते यांसाठी लिबरऑफिस विनामूल्य मिळते; त्या कामी वेगळा खर्च करू नये.

पार्सल आल्यावर ते शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन सदस्यांसमक्ष उघडावे व उघडतानाचे चित्रीकरण करावे. पेटीवरील अनुक्रमांक लॅपटॉपवरील क्रमांकाशी ताडून पाहावा आणि त्याच दिवशी जडसंग्रह नोंदवहीत लिहावा. विक्रेत्याने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेचा दूरध्वनी क्रमांक १९१५ हा आहे.