ब्लॅक बेल्ट म्हणजे कोच नव्हे: ज्युदोतल्या कोचिंग लेव्हल्सचा अर्थ

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

  

नवीन श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगते. मी दिवसा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ज्युदोच्या मॅटवर असते. ग्रीन बेल्ट आहे, म्हणजे अजून शिकतेच आहे. मेसेजमध्ये मला एक प्रश्न सारखा येतो. "ताई, आमच्या इथले सर ब्लॅक बेल्ट आहेत. धाकट्या भावाला क्लासला घालायचंय. चालेल ना?" आणि दुसरा असा, "लेव्हल वन कोच, लेव्हल टू कोच असं लिहिलेलं असतं, त्याचा नक्की अर्थ काय?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून आज तेच बोलू.

आधी बेल्ट घेऊ. ज्युदोची सुरुवात जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान काढून केली. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या दोन शिष्यांना पहिली 'डान' श्रेणी दिली. ब्लॅक बेल्टच्या या पहिल्या श्रेणीला जपानीत 'शोदान' म्हणतात, म्हणजे सुरुवातीची श्रेणी. आपल्याला वाटतं ब्लॅक बेल्ट हा शेवट, पण नावातच सुरुवात आहे. शिकणाऱ्याला पाया जमला, आता खरं शिकणं सुरू, इतकाच त्याचा अर्थ.

बेल्ट 'तुम्हाला स्वतःला किती येतं' ते सांगतो. फेक जमते का, जमिनीवरची पकड जमते का, काता जमतात का, स्पर्धेत काय केलं. दहा वर्षांच्या सोळा मुलांना एका वेळी सांभाळता येतं का, कोणाची जोडी कोणाशी लावायची ते कळतं का, डोकं आपटलं तर काय करायचं ते माहीत आहे का, यातलं काहीही बेल्ट सांगत नाही.

आयटीतल्या मंडळींना हे लगेच कळेल. टीममध्ये भन्नाट कोड लिहिणारा एखादा असतो. म्हणून काय त्याला पहिल्याच दिवशी प्रॉडक्शनचा ॲक्सेस देतात? नाही देत. कौशल्य वेगळं, ॲक्सेस वेगळा. कोचिंगची लेव्हल हा ॲक्सेस आहे. फरक एवढाच की इथे सर्व्हर नसतो, कोणाचं तरी पोर असतं. आणि रोलबॅकही नसतो.

आता लेव्हल्सकडे येऊ. नावं देशोदेशी वेगळी आहेत, पण सांगाडा साधारण सारखाच दिसतो.

ब्रिटनमध्ये लेव्हल वन म्हणजे सहायक कोच. तो वरच्या लेव्हलच्या कोचच्या देखरेखीखाली शिकवतो, एकट्याने क्लास घेत नाही. लेव्हल टू असेल तर स्वतंत्रपणे सेशन आखता आणि घेता येतं. लेव्हल थ्रीला वर्षभराचं नियोजन येतं. म्हणजे खेळाडूला कधी जोर द्यायचा, कधी विश्रांती, स्पर्धेआधी काय करायचं, आणि ते जमलं का हे तपासणंही. याच्या जोडीला प्रथमोपचार, मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी असतेच.

कॅनडात नावंच बोलकी आहेत. आधी डोजो असिस्टंट, मग डोजो इन्स्ट्रक्टर, मग कॉम्पिटिशन डेव्हलपमेंट. मदतनीस, शिकवणारा, स्पर्धेसाठी घडवणारा.

आंतरराष्ट्रीय ज्युदो फेडरेशनची स्वतःची अकादमी आहे. तिथे पहिल्या लेव्हलवर ज्युदो इन्स्ट्रक्टर आणि दुसऱ्या लेव्हलवर ज्युदो कोच असे कोर्स आहेत. थिअरी ऑनलाइन शिकायची आणि त्यानंतर प्रत्यक्ष मॅटवरचं सत्र आणि परीक्षा.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. लेव्हल वन म्हणजे 'कमी चांगला' आणि लेव्हल थ्री म्हणजे 'जास्त चांगला' असं नाहीये. लेव्हल जबाबदारीची हद्द सांगते. सहा वर्षांच्या पोरांना हसत-खेळत पडायला शिकवणारी लेव्हल वनची ताई त्या कामात एखाद्या राष्ट्रीय कोचपेक्षा सरस असू शकते. फक्त तिने एकटीने राज्य स्पर्धेची टीम तयार करायला घेऊ नये, एवढंच.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळं कागदी वाटत असेल तर जपानचं उदाहरण ऐका.

ज्युदोचं माहेर जपान. पण तिथल्या राष्ट्रीय महासंघाची प्रशिक्षकांसाठीची लायसन्स पद्धत कधी सुरू झाली माहितीये? २०१३ मध्ये. कोदोकान १८८२ चं आणि लायसन्स २०१३ चं, म्हणजे मध्ये १३१ वर्षं. तोवर डान हीच ओळख पुरत होती. आपल्या तालमीत वस्तादाला कोणी सर्टिफिकेट विचारत नाही ना, तसंच काहीसं.

मग अचानक गरज का पडली? कारण मुलं दगावत होती. १९८३ पासूनच्या साधारण तीन दशकांत जपानच्या शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून जास्त मुलांचे मृत्यू झाले होते. नागोया विद्यापीठातले अभ्यासक र्यो उचिदा यांनी शाळांच्या अपघातांच्या नोंदी एकत्र करून हा आकडा लोकांसमोर मांडला. २०१० मध्ये अशा अपघातांत मुलं गमावलेल्या किंवा जायबंदी झालेल्या मुलांच्या पालकांनी स्वतःची संघटना काढली. त्यातच एप्रिल २०१२ पासून जपानच्या माध्यमिक शाळांमध्ये मार्शल आर्ट सक्तीचं झालं, आणि बऱ्याच शाळांनी ज्युदोच निवडला. पालक विचारू लागले, शिकवणार कोण?

यातला तांत्रिक भाग जरा नीट ऐका, कारण तो आपल्यालाही लागू आहे. मृत्यूंमध्ये मोठा वाटा डोक्याच्या दुखापतींचा होता. त्यात नव्याने शिकायला आलेली, पहिल्या वर्षाची मुलं जास्त होती. आणि एक फेक पुन्हा पुन्हा समोर येत होती, ओसोतोगारी. यात समोरच्याचा पाय मागून झाडून त्याला पाठीवर पाडतात. ज्याला उकेमी, म्हणजे पडण्याचं तंत्र, जमलेलं नाही त्याचं डोकं मागे जोरात झटकलं जातं. झटक्याने मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरा ताणून तुटू शकतात आणि कवटीच्या आत रक्त साचतं. हे डोकं मॅटवर न आपटताही होऊ शकतं, नुसत्या झटक्याने.

म्हणून ट्रेनिंगनंतर डोकं दुखत असेल तर तो 'नाटक करतोय'चा विषय नाही. त्या दिवशी मॅट बंद, घरच्यांना कळवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत परत रांदोरी नाही. आधीची दुखापत भरलेली नसताना बसलेला दुसरा झटका जास्त घातक ठरतो. ही माहिती बेल्टच्या परीक्षेत कोणी विचारत नाही. कोचिंगच्या कोर्समध्ये ती असलीच पाहिजे.

जपानमधल्या त्या चर्चेत फ्रान्सचं नाव सारखं यायचं. फ्रान्समध्ये ज्युदो खेळणारे जपानपेक्षा जास्त आहेत. आणि तिथे १९५५ मध्येच कायदा झाला होता की ज्युदो शिकवण्याचा व्यवसाय करायचा तर सरकारमान्य पात्रता हवी. आजही तिथे पैसे घेऊन शिकवायचं तर मान्यताप्राप्त डिप्लोमा लागतो, नुसता ब्लॅक बेल्ट चालत नाही.

दुसरं प्रकरण वागणुकीचं. जपानच्या राष्ट्रीय महिला संघातल्या १५ खेळाडूंनी प्रशिक्षकांच्या मारहाणीबद्दल आणि अपमानास्पद वागणुकीबद्दल तिथल्या ऑलिंपिक समितीकडे तक्रार केली. २०१३ च्या सुरुवातीला ते जगजाहीर झालं आणि मुख्य प्रशिक्षकाला राजीनामा द्यावा लागला. लक्षात घ्या, ही देशातली सगळ्यात वरची पातळी होती. तंत्र, अनुभव, पदकं, सगळं होतं. तरीही खेळाडूशी कसं वागायचं हा प्रश्न उरलाच.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये लायसन्स पद्धत लागू झाली. ए, बी, सी अशा तीन श्रेणी आणि त्याखाली सहायक. ढोबळमानाने सी म्हणजे आपल्या क्लबपुरता, बी म्हणजे प्रांतापर्यंत, ए म्हणजे देशपातळीवर. आणि एकदा मिळालं की आयुष्यभर पुरलं असं नाही, नूतनीकरणासाठी प्रशिक्षण घेत राहावं लागतं. मला हा भाग सगळ्यात आवडतो. मुदत नसलेलं सर्टिफिकेट म्हणजे कधीच अपडेट न होणारं ॲप.

लायसन्स आलं म्हणून सगळं सुटलं का? नाही. त्यानंतरही गंभीर अपघात झाले. पण आता 'शिकवणाऱ्याला हे माहीत असायला हवं होतं का?' या प्रश्नाला लेखी उत्तर आहे. आधी ते नव्हतं. पुढे २०२२ मध्ये जपानने प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. कारण असं दिलं की इतक्या लहान वयात जिंकण्याचा अट्टहास वाढतोय, त्यात पालक आणि कोच दोघंही आले.

आता आपल्याकडे येऊ. भारतात कोचिंगचं मोठं नाव म्हणजे पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, सगळे 'एनआयएस' म्हणतात ती. १९६१ पासून आहे. तिथला पूर्णवेळ डिप्लोमा आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'एनआयएस केलंय' असं कोणी म्हटलं तर 'डिप्लोमा की सहा आठवड्यांचा?' असं बिनधास्त विचारा. सहा आठवड्यांचा कोर्स वाईट नाही, पण त्याची हद्द वेगळी आहे. फ्रान्ससारखा कायदा मात्र आपल्याकडे नाही. हॉल भाड्याने घेतला, मॅट टाकल्या, बोर्ड लावला की क्लास सुरू. त्यामुळे तपासणीचं काम पालकांवर आणि आपल्यावर येतं.

तर क्लास निवडताना भिंतीवरच्या फ्रेमकडे नीट बघा आणि हे विचारा.

एक, सर्टिफिकेट कोणी दिलंय? आणि ते हजेरीचं आहे की परीक्षेचं? दोन दिवसांच्या सेमिनारला बसलं तरी छान रंगीत कागद मिळतो.

दोन, ते कोणत्या लेव्हलचं आणि कधीचं आहे?

तीन, प्रथमोपचार कोणाला येतो? डोक्याला लागलं तर तुम्ही काय करता? याचं उत्तर पटकन आणि स्पष्ट यायला हवं. 'काही होत नाही हो' हे उत्तर नाही.

चार, नवीन मुलाला फेकायला कधी सुरुवात करता? आधी बरेच दिवस उकेमी, मग हळूहळू फेक, असं ऐकू आलं तर चांगलं. पहिल्याच आठवड्यात मोठ्या मुलासमोर उभं करत असतील तर तिथून निघा.

पाच, पालकांना बसून बघू देता का? दार बंद असेल तर कारण विचारा.

हे विचारणं म्हणजे सरांचा अपमान नाही. चांगल्या कोचला हे प्रश्न आवडतात, मी पाहिलंय. उलट ते दहा मिनिटं जास्तच बोलतात.

आणि तुमच्यापैकी ज्यांना स्वतः कोच व्हायचंय त्यांना एवढंच सांगते. ब्लॅक बेल्टची वाट बघत बसू नका, पण उडीही मारू नका. आपल्या सरांना विचारून लहान मुलांच्या बॅचला मदत करायला लागा. प्रथमोपचाराचा कोर्स आत्ताच करा, तो कुठेही उपयोगी पडतो. वर्षभर मदतनीस म्हणून काम केलं की कळेल, आपल्याला शिकवायला आवडतं की फक्त खेळायला. दोन्ही चांगलंच आहे. मग कोर्सचा फॉर्म भरा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या क्लासमध्ये हे पाच प्रश्न विचारले तर काय उत्तरं मिळाली ते मला व्हॉइस नोटने पाठवा, नावं न घेता. पुढच्या भागात उकेमीवरच बोलू, म्हणजे पडायचं कसं. तोवर सांभाळून पडा, भेटूच!