स्मृतीचे कोठार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या उत्सवात आठवणींना उधाण येणे स्वाभाविक आहे. म्हणूनच आज स्मृती या विषयावर चार शब्द बोलावेत, असे मी योजिले आहे. काही गोष्टी जन्मभर स्मरतात, तर काही क्षणार्धात विसरतात. असे का घडते, याचा मानसशास्त्रज्ञांनी केलेला उलगडा उद्बोधक आहे.

या अभ्यासाचा शास्त्रीय पाया हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने घातला. अर्थाचा आधार मिळू नये म्हणून त्याने निरर्थक शब्दावयवांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि विस्मरणाचे मोजमाप केले. विस्मरण प्रारंभी झपाट्याने होते व पुढे मंदावते, हे त्याच्या १८८५ सालच्या ग्रंथाने दाखविले.

पुढे १९६८ मध्ये ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी स्मृतीची तीन दालने कल्पिली. पहिल्या दालनात डोळ्यांपुढून गेलेले दृश्य सेकंदाहूनही कमी काळ रेंगाळते. त्यातील ज्याकडे अवधान जाते, तेवढेच अल्पकालीन स्मृतीच्या दालनात शिरते. तेथे जागा मोजकीच. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती सुमारे सात घटकांची सांगितली. नंतरचे अनेक संशोधक चारच मानतात. मात्र घटक कशाला म्हणावे, हे आपल्या पूर्वज्ञानावर ठरते. १८५७१९४७१९६० हे बारा अंक सुटे ऐकले तर गोंधळ उडेल. पण उठाव, स्वातंत्र्य आणि महाराष्ट्र राज्याची स्थापना ही तीन वर्षे त्यांत दिसली, की ओझे तिघांचेच उरते. उजळणी थांबली की येथील ऐवज काही सेकंदांत ओसरतो. जे अर्थाशी व पूर्वज्ञानाशी जोडले जाते, ते तिसऱ्या, म्हणजे दीर्घकालीन स्मृतीच्या दालनात अधिक सहज स्थिरावते.

ही दालने निव्वळ कविकल्पना नव्हेत. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाचा भाग, अपस्मारावरील उपाय म्हणून, दोन्ही बाजूंनी बराचसा काढण्यात आला. त्यानंतर त्याला पुष्कळशा जुन्या गोष्टी आठवत. ऐकलेले अंक तो घोकून काही काळ मनात धरी. परंतु नवी घटना त्याच्या स्मरणात टिकत नसे. आश्चर्य असे, की आरशात पाहून आकृती गिरविण्याचे कौशल्य मात्र तो सरावाने शिकला, आणि आपण हे पूर्वी केले आहे याची त्याला आठवणही नसे! हाताची स्मृती आणि घटनांची स्मृती वेगळ्या, हे त्यावरून उमगले.

परंतु कोठार हा शब्द एका बाबतीत फसवा आहे. ठेवलेली वस्तू जशीच्या तशी हाती येईल, अशी ही जागा नाही. प्रत्येक स्मरण ही नवी जुळणी असते आणि तीत आपल्या कल्पना, अपेक्षा मिसळतात, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखविले होते. म्हणून मंडळाच्या ज्येष्ठांच्या आठवणी आजच लिहून घ्याव्यात आणि जुन्या इतिवृत्तांशी ताडून पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे.

शेवटी एक दिलाशाची गोष्ट. हॅरी बाहरिक यांनी १९८४ मध्ये, शाळेत स्पॅनिश शिकलेल्या सातशेहून अधिक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरीच गळती झाली; पण जे उरले ते पुढे पंचवीसएक वर्षे जवळजवळ तसेच टिकले, आणि काही अंश तर पन्नास वर्षांनंतरही आढळला. ज्यांचे मूळ शिक्षण पक्के, त्यांच्याजवळ अधिक उरले.

ती परकी भाषा होती, आपली तर घरची आहे. तरीही परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांची मराठी वर्षातून एका गणेशोत्सवाच्या नाटकावर तगणार नाही. ती लहानपणी पक्की व्हावी, अर्थासह वाचली जावी आणि थोड्याथोड्या अंतराने आठवून बोलली जावी. मंडळाच्या ग्रंथालयाचे आणि बालवर्गाचे खरे मोल यातच आहे. पुढील पन्नास वर्षांची स्मृती आजच पेरावयाची आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.