गाडी तापवावी की लगेच निघावे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, नाशिकला थंडी पडू लागली की आम्हा गॅरेजवाल्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. सकाळी गाडी सुरू केल्यावर ती किती वेळ तापवायची? कोणी पाच मिनिटे म्हणतो, कोणी दहा. गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी डोकावून बघा. मालक गाडी चालू करून वर चहा प्यायला गेलेले असतात आणि खाली गाडी एकटीच घुरघुरत असते. या सवयीची आज जरा झाडाझडती घेऊ.

ही सवय वेडेपणातून आलेली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. अँबॅसॅडर, पद्मिनी, सुरुवातीची मारुती ८०० या गाड्यांना कार्ब्युरेटर होता. पेट्रोल द्रवरूपात नीट पेटत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. इंजिन गार असेल तर पुरेशी वाफ होत नाही. पेट्रोलचे थेंब नळीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि सिलिंडरमध्ये पोहोचणारे मिश्रण कमजोर पडते. म्हणून चोक ओढायचा, म्हणजे हवा अडवून पेट्रोलचे प्रमाण वाढवायचे. चोक घाईने आत ढकलला की गाडी पहिल्याच चौकात आचके देत बंद पडायची. तेव्हा आमचे वडीलधारे गाडी तापवूनच निघत, ते त्यांच्या गाडीपुरते बरोबरच होते.

पुढे गाडी बदलली, सवय मात्र तशीच राहिली. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि २००० च्या सुमारास मारुती ८०० लासुद्धा एमपीएफआय इंजिन आले. कार्ब्युरेटर गेला, चोकची दांडी गेली. आता इंजिनातल्या पाण्याचे तापमान एक सेन्सर मोजतो, आत येणारी हवा दुसरा मोजतो आणि किती पेट्रोल फवारायचे ते छोटा संगणक ठरवतो. जे काम आपण चोक ओढून अंदाजाने करत होतो, ते तो सेकंदाला कितीतरी वेळा करतो. गार इंजिनाचे फेरेही तोच थोडे वाढवून ठेवतो.

मग उभ्या गाडीत इंजिन तापवले तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. गार इंजिनाला संगणक जास्तीचे पेट्रोल देतो. ते सगळे जळत नाही. उरलेले सिलिंडरच्या भिंतीवर बसते, तिथला ऑईलचा पातळ थर धुऊन काढते आणि पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑईलमध्ये उतरते. अशा गाडीची डिपस्टिक काढून हुंगली तर कधी कधी पेट्रोलचा वास येतो. म्हणजे इंजिन गार राहण्याचा काळ जितका लांबेल तितकी झीज जास्त. आणि नुसत्या उभ्या इंजिनात इंधन थोडेच जळत असल्यामुळे ते फार सावकाश तापते. तीच गाडी हलक्या पायाने चालवली की लवकर तापते. शिवाय गिअरबॉक्स, चाकांची बेअरिंगे, टायर, शॉकअ‍ॅब्सॉर्बर हे सगळे गाडी चालली तरच गरम होतात. पार्किंगमध्ये तासभर इंजिन चालू ठेवले तरी गिअरबॉक्समधले ऑईल जवळपास गारच राहील.

"पण नाशिकची थंडी काही साधी नाही," असे आपण अभिमानाने म्हणतो. खरेच आहे. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा ही आपल्याकडची दर हिवाळ्याची बातमी असते; डिसेंबर २०१८ मध्ये तो दोन अंशांच्याही खाली गेला होता. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. द्राक्षमण्याला ही थंडी जीवघेणी आहे, इंजिनाला नाही. कॅनडासारख्या देशात पारा शून्याखाली वीस-तीस अंश उतरतो, तिथे इंजिनाला विजेचा हीटर लावून ठेवतात. ऑईलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके ते ऑईल थंडीत अधिक प्रवाही. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेले ऑईल घातलेले असेल तर नाशिकच्या पहाटे ते काही सेकंदांत सगळीकडे पोहोचते.

आणखी एक दाखला लोक देतात. डेपोतल्या एसटी बघा, ट्रक बघा, पहाटे किती वेळ चालू असतात! श्रोतेहो, तिथले मुख्य कारण वेगळे आहे. या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. रात्रभरात टाकीतली हवा उतरलेली असते. इंजिन चालून दाब पुरेसा चढला नाही तर गाडी हलवणे धोक्याचे, म्हणून ड्रायव्हर हवेच्या काट्याकडे बघत थांबतो. आपल्या मोटारीला तो काटाच नाही.

डिझेलचे थोडे वेगळे आहे. नाशिककरांना हे सांगायला नको, कारण आपल्या मायको सर्कलला ज्या कंपनीचे नाव पडले, त्या आजच्या बॉशच्या इथल्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टरच बनतात. डिझेल ठिणगीने पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते. म्हणून थंडीत चावी फिरवल्यावर स्प्रिंगसारख्या चिन्हाचा दिवा लागतो. तो हीटर प्लगचा. तो विझेपर्यंत थांबायचे आणि मगच सेल्फ मारायचा. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. अशी गाडी रोज बराच वेळ नुसती उभी चालू ठेवली तर ती जाळी काजळीने भरत जाते आणि तिचा खर्च मोठा असतो.

आता हिशेब. छोटी पेट्रोल गाडी नुसती उभी राहून तासाला निदान अर्धा लिटर पेट्रोल पिते. रोज दहा मिनिटे, थंडीचे नव्वद दिवस, म्हणजे पंधरा तास. सात-आठ लिटर पेट्रोल एक फूटही पुढे न जाता संपले.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट धुराची आहे, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. सायलेन्सरच्या नळीत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो साधारण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणजे गाडीचा सर्वांत घातक धूर पहिल्या काही मिनिटांचा, आणि तोच आपण पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली, शाळेच्या रिक्षाची वाट बघणाऱ्या मुलांच्या तोंडावर सोडतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरते. आधी डोके जड होते, मळमळते, झोप आल्यासारखे वाटते, आणि उठून बाहेर जाण्याइतकी शक्तीच उरत नाही. बंगल्याच्या बंद गॅरेजमध्ये, शटर खाली ओढून, "बाहेर गार आहे" म्हणून गाडी तापवणे हा जिवाशी खेळ आहे. शटर अर्धे वर आहे, एवढ्यावरही भरवसा ठेवू नका. गाडी आधी बाहेर काढा.

आणि रस्त्यावर गाडी चालू ठेवून घरात जाणे कायद्यालाही मान्य नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी उभ्या गाडीच्या चालकाच्या आसनावर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. चोराला तर आयती चावीच मिळते.

मग करायचे काय? सेल्फ मारा. पट्टा लावा, आरसे बघा. काचेवर आतून धुके असेल तर ते पुसल्याशिवाय मुळीच निघू नका. त्यासाठी थांबावे लागले तर जरूर थांबा. एवढ्यात अर्धा-एक मिनिट जाते आणि ते पुरते. न्यूट्रलमध्ये रेस देऊ नका. पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवा. आपल्याकडची अडचण अशी की इंदिरानगरातून निघालेला माणूस काही मिनिटांत उड्डाणपुलावर चढतो आणि काटा ऐंशीवर नेतो. गार इंजिनाला तो ताण खरा मारक. अशा वेळी थोडे अंतर सर्व्हिस रोडने जा. द्राक्षांचे क्रेट भरलेली पिकअप मळ्यातून निघते, तेव्हा डांबरी रस्त्यापर्यंतची कच्ची वाट सावकाश चालवली की तिचे काम झाले. घरी कार्ब्युरेटरची जुनी गाडी जपून ठेवली असेल, तर तिला मात्र तिची मिनिटे द्या, तीही उघड्यावर.

बाकी सगळ्यांनी चहा आधी प्यावा आणि चावी नंतर फिरवावी.