दगडाचे औषध



आम्ही गवंडी, पाथरवट, बिगारी यांच्या संघटनेत काम करणारी माणसे. रसायनशास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही. रात्री सभा आटोपल्यावर मिळेल ते पुस्तक वाचून जे उमगले, तेवढेच सांगणार आहोत. विषय मात्र आमच्याच धंद्यातला आहे : जुन्या इमारतीचा दगड भुगा होऊ लागला, तर त्याला सावरावे कसे?

प्रथम आमची चूक कबूल करतो. एका जुन्या देवळाच्या सांध्यांतला चुना काढून तेथे सिमेंट भरण्याचे काम निघाले. ते आमच्याच सभासदांनी केले. मजुरी पुरी मिळाली की नाही, एवढेच आम्ही पाहिले. काही पावसाळे गेले. सिमेंट शाबूत राहिले आणि त्याच्या कडेचा दगड झडू लागला. भिंतीत मुरलेले पाणी पूर्वी चुन्याच्या सांध्यातून सुकून जाई. ती वाट आम्हीच बुजविली. मग पाणी दगडातून सुकू लागले, आणि त्यातल्या क्षाराचे खडे दगडाच्या छिद्रांत बनून त्यालाच फोडू लागले.

तेव्हा एक गोष्ट कळली. औषध रोग्याहून जबर असून चालत नाही. ते त्याच्या जातीचे असावे लागते.

इंग्लंडात वेल्स नावाच्या लहानशा शहरी एक जुने कॅथीड्रल आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर सुमारे ३०० मध्ययुगीन मूर्ती आहेत, चुनखडीच्या दगडाच्या. १९७० नंतरच्या वर्षांत रॉबर्ट बेकर यांच्या पद्धतीने त्यांवर चुन्याची निवळी पाजण्यात आली, एकदा नव्हे, चाळीसेक वेळा. कारण लिटरभर पाण्यात पुरता दोन ग्रॅमही चुना विरघळत नाही. दगडाला चुना चिमूटभर आणि पाणी घागरीने!

ही अडचण सोडविण्याचा मार्ग इटलीत फ्लॉरेन्स येथे निघाला. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या पुराने तेथली भित्तिचित्रे भिजून गेली. एन्झो फेरोनी या रसायनज्ञाने ती वाचविण्याच्या कामात आपले शास्त्र आणले. पुढे त्याच शहरात पिएरो बालियोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी चुन्याचे अतिसूक्ष्म कण मद्यार्कात तरंगते ठेवून वापरले, आधी चित्रांच्या गिलाव्यासाठी व मग दगडासाठीही. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतला एक म्हणजे नॅनोमीटर. हे कण साधारण ५० ते २५० नॅनोमीटरचे. लिटरमागे ५ ते २५ ग्रॅम चुना अशा द्रवात सहज राहतो. द्रव छिद्रांत शिरतो, मद्यार्क उडून जातो, आणि मागे राहिलेला चुना ओलाव्याच्या साह्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो. सुटलेले दाणे त्यांच्याच जातीच्या द्रव्याने बांधले जातात, आणि छिद्रे श्वास घेण्यापुरती मोकळी राहतात.

पण ही काही जादू नव्हे. मद्यार्क घाईने उडाला तर कणांना ओढून वर आणतो. दगडावर पांढरी भुरी धरते आणि आतला भाग कच्चाच राहतो. म्हणून द्रव पातळ घ्यावा, थोडाथोडा पाजावा, वरून ओले आच्छादन घालावे आणि दिवसच्या दिवस थांबावे. रुंद भेग याने भरत नाही. भिंतीत पाणी शिरतच असेल, तर आधी ते थांबविले पाहिजे. आणि आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची जात चुनखडीची नव्हे, म्हणून वेरूळ-घारापुरीच्या कातळाला हेच औषध चालेल असे कोणी समजू नये. आपल्याकडे त्याचे स्थान जुन्या चुन्याच्या गिलाव्यात व सांध्यांत शोधावे लागेल.

आता आमच्या पोटातली गोष्ट. या कामात थांबणे हेच कौशल्य आहे. आणि ठेक्याच्या कागदावर थांबण्याची मजुरी कोठेच लिहिलेली नसते. सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम दिले, की तो चार दिवसांचे काम एका दिवसात उरकणार, आणि भुरी धरली की दोष गवंड्याच्या माथी येणार. शिवाय मद्यार्काची वाफ पेट घेते. परातीवर उभ्या असलेल्या माणसाला मोकळी हवा, हातमोजे व मुखपट्टी मिळालीच पाहिजे.

त्या देवळाच्या वेळी आम्ही फक्त मजुरीचा हिशेब विचारला. आता आमचे सभासद ठेकेदाराला दुसराही प्रश्न विचारतात : भिंतीत काय भरायला सांगता, आणि का? श्रोतेहो, तुमच्या गावच्या जुन्या वास्तूची डागडुजी निघेल तेव्हा तुम्हीही तो विचारा.