चौकटीला इरले



मळवली स्टेशनावर उतरले की रुळांच्या एका अंगाला भाज्याची लेणी आहेत आणि दुसऱ्या अंगाला, थोडी लांब, कार्ल्याची. खिडकीच्या लाकडी चौकटीवर बोलायचे असताना मी लेण्यांकडे वळतो आहे, कारण लाकूड आणि पाऊस यांच्या भांडणाचा आपल्याकडचा फार जुना पुरावा तिथे आहे. भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले. त्याच्या दर्शनी बाजूला एके काळी लाकडी काम होते. आज तिथे लाकूड अडकवण्यासाठी खडकात कोरलेल्या खोबणी तेवढ्या उरल्या आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात आत गेलात, तर छताच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरची लाकडी छत्री अजून जागेवर आहेत, सुमारे दोन हजार वर्षांनंतरही. शेजारच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भाज्याचे दर्शनी लाकूड पावसानेच खाल्ले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. काही माणसांनीही सरपणाला नेले असेल. पण आतले टिकलेले लाकूड मात्र निःसंशय साक्ष देते. त्या कमानींना कोणी पत्र्यात गुंडाळलेले नाही. त्यांच्या डोक्यावर खडक आहे आणि भोवती हवा खेळती आहे, एवढेच.

आता आपल्या घरांकडे या. पुण्यातले उरलेसुरले वाडे, गिरगाव-दादरच्या चाळी, कोकणातली कौलारू घरे, पणजीच्या फोंतेन्हासमधली घरे, सगळीकडे पावसाळ्यापूर्वी एकच प्रश्न उभा राहतो: बाहेरच्या बाजूची लाकडी चौकट, तिच्या भोवतीच्या पट्ट्या आणि खालचा उंबरा वाचवायचा कसा? हल्ली मिळणारे उत्तर सोपे असते. लाकडावर ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) ठोका, कडेने सिलिकॉन मारा, झाले. ही रीत मूळची उत्तर अमेरिकेची. तिथे साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीचा रंगवलेला पत्रा गुंडाळीने मिळतो. कारागीर जागेवरच यंत्रात तो वाकवतात आणि चौकटीच्या पट्ट्यांवर टोपणासारखा बसवतात. दिसायला काम चोख होते, आणि रंगाऱ्याची पाळी पुन्हा येणार नाही असे आश्वासनही मिळते. माझे म्हणणे असे की या उपायात पाण्याचा स्वभावच चुकीचा धरला आहे. लाकूड भिजण्याने मरत नाही. भिजल्यावर सुकायला न मिळाल्याने मरते. म्हणून आवरण निवडताना पाणी आत येईल का, एवढेच विचारून भागत नाही. आत आलेले पाणी बाहेर कसे जाईल, हे आधी विचारायला हवे.

लाकूड कुजवणारी बुरशी हा सजीव आहे आणि तिलाही पाणी लागते. लाकडातल्या पाण्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत राहिले, तर तिचे काही चालत नाही. अठ्ठावीस-तीस टक्क्यांच्या आसपास लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने पुऱ्या भरतात, आणि त्यापुढे तिचे साम्राज्य सुरू होते. सगळे लाकूड सारखेच पाणी पीत नाही. फळीच्या पाठीपोटातून पाणी सावकाश शिरते, पण जिथे लाकूड आडवे कापलेले असते, तिथे झाडाच्या मूळ नळ्या उघड्या पडलेल्या असतात आणि त्या पाणी झपाट्याने ओढतात. कोणतीही जुनी खिडकी जवळून पाहा. वरची पट्टी शाबूत असते, मधल्या भागाचा रंग फक्त उडालेला असतो, आणि खालच्या कोपऱ्यात, उभ्या चौकटीचे कुसू जिथे उंबऱ्यात बसवलेले असते, तिथे टोकदार स्क्रूड्रायव्हर लावला की तो लोण्यात जावा तसा जातो. तिथेच कापलेले टोक आहे, तिथेच सांधा आहे आणि तिथेच पाणी थबकते. कोपरा असा बोटभर कुजला की लोक आख्खी खिडकीच गेली असे समजतात.

अशा खिडकीवर पत्रा चढवला की काय होते? पत्र्यातून पाणी झिरपत नाही, हे खरेच. पण पत्रा एकसंध नसतो. त्याला जोड असतात, खिळ्यांची भोके असतात, आणि भिंतीला टेकणारी कड असते. उन्हात पत्रा पसरतो, रात्री आखडतो, आणि सिलिकॉनची रेघ कुठेतरी केसभर सुटते. मृगाची झड तेवढ्या फटीतून आत जाते. गिलाव्याच्या तड्यातून भिंतीच्या आतून येणारे पाणी तर पत्र्याला दिसतही नाही. ते मागूनच चौकटीला भेटते. आत यायला दहा वाटा आणि बाहेर पडायला एकही नाही, अशी ती कोठडी होते. त्या अंधारात वाळवीने मातीच्या नळ्या बांधल्या तरी बाहेरून पत्रा लखलखीत दिसतो. दर दिवाळीला जुना थर न खरवडता ऑइलपेंटचा नवा थर देण्याची आपली सवयही याच जातीची आहे. जाड झालेला थर सांध्यावर तडकतो, तडा पाणी पितो आणि बाकीचा थर ते आत धरून ठेवतो. पण रंगाचा एक गुण आहे: तो पोपडे धरून तक्रार तरी करतो. पत्रा शेवटपर्यंत गप्प बसतो.

हे अनुमान नाही, त्याची मोठी किंमत मोजून झाली आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हरच्या परिसरात, 1980 आणि 90 च्या दशकांत लाकडी सांगाड्याच्या शेकडो नव्या इमारती आतून कुजल्या. प्रकरण एवढे वाढले की 1998 साली माजी प्रांतप्रमुख डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. त्याआधी, 1996 साली झालेल्या पाहणीचा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. पाणी मुख्यतः बाहेरून, आणि तेही खिडक्यांसारख्या जोडाच्या जागांतून शिरले होते. आणि भिंतीवर छपराची वळचण जितकी पुढे आलेली, तितका त्रास कमी होता. भिंतीचे बाह्य अंग सीलबंद केले की पुरे, अशा भरवशावर वळचणी कापून टाकलेली ती घरे होती. व्हँकुव्हरचा पाऊस वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास. रत्नागिरीचा तीन हजारांहून अधिक, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत.

यावर पहिला आक्षेप असा: अमेरिकेत असंख्य घरांवर हा पत्रा आहे, ती सगळी कुठे कुजली? कुजली नाहीत, मान्य. पण टिकली ती वरचे पाणी आधीच बाहेर वळवणाऱ्या पट्ट्यांमुळे, वळचणींमुळे, आणि खाली पाणी गळायला जागा ठेवल्यामुळे. म्हणजे माझ्याच मुद्द्यामुळे. शिवाय ऐतिहासिक वास्तूंबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या तिथल्याच नॅशनल पार्क सर्व्हिसने, लाकडी भिंतींवर ॲल्युमिनियम वा व्हिनाइल चढवल्याने खालची कुजकी जागा झाकली जाते, असा इशारा देऊन ठेवला आहे. दुसरा आक्षेप जास्त हुशारीचा आहे. मागे हवा खेळती ठेवली, तर आपल्या पावसाळ्यातली दमट हवाच लाकूड भिजवणार नाही का? नाही भिजवणार. हवेत नव्वद टक्के आर्द्रता असली तरी लाकडातले पाणी वीस टक्क्यांच्या आसपासच स्थिरावते. कुजण्याची मजल गाठायला द्रव पाणी लागते, तुंबलेले. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. चौथ्या मजल्यावर परांची बांधून दर दोन-तीन वर्षांनी रंग देणे चाळीतल्या कुटुंबाला परवडत नाही. पण म्हणूनच सगळी चौकट गुंडाळण्यापेक्षा जिथे पाणी लागते तेवढेच झाकणे स्वस्त पडते. ‘लाकूड काढून यूपीव्हीसी लावा’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो: सागाची कुजलेली वीतभर जागा कापून सुतार नवा तुकडा जोडतो. प्लास्टिकच्या पट्टीला असे कलम लागत नाही.

मग झाकायचे कसे? आपल्या भातशेतीत याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर वागवले गेले आहे. लावणी करणारी बाई इरले घेते. बांबूच्या कामट्या आणि पानांचे ते इरले डोक्यावर टेकते, पाठीवरून ओघळते, पण अंगाला चिकटत नाही. पाणी वरून निघून जाते आणि खाली वारा लागतो. प्लास्टिकचा कागद गुंडाळून तेच काम करणारी माणसे तासाभरात घामाने भिजतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याआधी भिंतींपुढे माडाच्या विणलेल्या झापा बांधण्याची रीत याच शहाणपणाची. झाप झड अडवते, भिंतीपासून थोडी सुटी राहते, आणि पावसाळा सरला की उतरते. पुढे आलेली वळचण आणि खिडकीवरचा छज्जा ही त्याचीच कायमची रूपे.

चौकटीवर पत्रा लावायचाच, तर तो इरल्यासारखा लावावा. वरच्या पट्टीवर बाहेर उतरता पत्रा असू द्या, आणि त्याची मागची कड गिलाव्यात खोवलेली असू द्या, नुसती चिकटवलेली नको. उभ्या बाजू मोकळ्या ठेवा. उंबऱ्यावर पत्रा घालायचा, तर खाली बारीक पट्ट्या देऊन तो लाकडापासून सुटा ठेवा, बाहेर ढाळ द्या, आणि पुढची कड लाकडाच्या पुढे बोटभर काढून खाली वळवा, म्हणजे थेंब तिथेच तुटून पडेल. पत्र्याची खालची कड सिलिकॉनने कधीही बंद करू नका. बंद करायची ती वरची. समुद्राजवळ ॲल्युमिनियमला लोखंडी खिळे मारू नयेत, खाऱ्या हवेत त्या जोडीत ॲल्युमिनियम खाल्ले जाते. आणि या सगळ्याच्या आधी लाकूड पूर्ण सुकलेले हवे, कापलेल्या टोकांना तेल किंवा अस्तर भरपूर पाजलेले हवे. ओल्या लाकडावरचे सर्वोत्तम आवरण हेही वाईटच आवरण. साग म्हणून निर्धास्त राहू नये. सागाचा गाभा चिवट असतो, पण त्याच्या कडेचे फिकट लाकूड इतर कोणत्याही लाकडासारखेच कुजते, आणि हल्लीच्या लहान वयाच्या झाडांत ते बरेच असते.

मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमारास लागते. त्याआधी एका कोरड्या दुपारी घरातल्या प्रत्येक खिडकीचा खालचा बाहेरचा कोपरा टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. घट्ट लागला तर रंगाऱ्याला बोलवा, मऊ लागला तर सुताराला, पत्रेवाल्याला त्यांच्यानंतर.